मोत्याचा कर्नल करायचा तर

पाळीव प्राण्याला जुन्या लष्करी गणवेशात रंगवायचं, अशा ऑर्डरी येतात. या चित्रांत विनोद चित्रकाराने करायचा नसतो. जाडजूड बोका आकाशी रंगाचा घट्ट लष्करी कोट घालून, छातीवर सोनेरी गोफांच्या रांगा मिरवत, अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसलेला दिसला की बघणारा हसतोच. मात्र कॉलर ब्रिटिश, गोफ फ्रेंच, पदकं कुठल्याशा सिनेमातली आणि वर बोका डोळा मिचकावतोय असं झालं, की त्याचं शाळेच्या गॅदरिंगमधलं फॅन्सी ड्रेस होतं. म्हणून या कामाचा एकच मोठा नियम मी मानते: एक पलटण, एक काळ, आणि प्राण्याच्या चेहऱ्याशी इमान. बाकी सगळं त्या नियमाच्या सोयीसाठी.

हा प्रकार नवा नाही. सतराव्या शतकात फ्लेमिश चित्रकार डेव्हिड टेनियर्स धाकटा याने लष्करी पहाऱ्याच्या खोलीत माकडं बसवून चित्रं रंगवली. खऱ्या सैन्यांनीही प्राण्यांना हुद्दे दिले आहेत. नॉर्वेच्या राजरक्षक दलाने एडिंबरा प्राणिसंग्रहालयातल्या 'निल्स ओलाव' नावाच्या किंग पेंग्विनला १९७२ मध्ये लान्स कॉर्पोरल केलं. ते नाव आणि हुद्दा एका पेंग्विनकडून दुसऱ्याकडे वारशाने जात राहिले, आणि २०२३ मध्ये स्वारी मेजर जनरल झाली. पोलिश तोफखान्याच्या रसद कंपनीतलं 'वोयटेक' नावाचं अस्वल तर शिपाई म्हणून रीतसर भरती झालं होतं. १९४४ साली मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत ते दारूगोळा वाहत होतं. तेव्हा कुणी "कुत्र्याला कसला आलाय गणवेश?" म्हणालं तर उत्तर तयार ठेवा.

आधी ऐकून घ्या

ऑर्डर देणारा माणूस फोनवर म्हणतो, "आमच्या ब्रूनोला नेपोलियन करायचंय." त्याला नेपोलियन नकोच असतो बहुतेक वेळा. त्याला आडवी टोपी, सोनेरी खांदे आणि रुबाब हवा असतो. थोडं खोदून विचारा. ब्रूनो घरात कसा वागतो? दारावरची बेल वाजली की धावून जातो की सोफ्याखाली शिरतो? मांजर खिडकीत बसून सगळ्या सोसायटीवर पहारा देतं का? पलटण निवडायला ही माहिती फार कामाची. घाबरट, प्रेमळ लॅब्राडॉरला झुंजार स्वाराच्या आवेशात रंगवलं तर मालक म्हणणार, "छान आहे, पण आमचा वाटत नाही."

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच हळूच विचारायची: प्राणी आहे, की गेला? अशा ऑर्डरींपैकी बऱ्याच आठवणीसाठी असतात. तिथे "तो असा बसायचा" म्हणताना मालकाचा आवाज बदलतो. त्या चित्रात मिश्कीलपणाची पातळी मालकालाच ठरवू द्या, आणि तारखेची घाई तुमच्याकडून नको.

फोटो मागताना

वाईट फोटोवरून चांगलं पोर्ट्रेट होत नाही, आणि मालकांचे फोटो सहसा वाईट असतात. उभ्या माणसाने वरून खाली टिपलेला कुत्रा म्हणजे मोठ्ठं डोकं आणि खाली चार काड्या. मोबाइल नाकाजवळ नेला की नाक फुगतं आणि कान मागे पळतात. म्हणून मालकाला साध्या शब्दांत लिहून पाठवा: जमिनीवर बसा, मोबाइल प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, सहा-सात फूट लांब राहा, दुप्पट झूम करा. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. फ्लॅश नको, कारण डोळे हिरवे चमकतात आणि बुबुळाचा खरा रंग कळत नाही. फिल्टर नको. समोरून, पाऊण वळलेला, पूर्ण बाजूने असे आठ-दहा फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ मागवा. कान हलताना, मान वळताना जे कळतं ते स्थिर फोटोत कळत नाही.

सेल्फी कॅमेऱ्याने काढलेले फोटो पुष्कळदा आरशासारखे उलटलेले असतात. डाव्या डोळ्याभोवतीचा काळा डाग उजवीकडे जातो, फाटका कान बाजू बदलतो. तुम्हाला फरक कळत नाही, मालकाला पहिल्या क्षणी कळतो. "डाग डाव्या डोळ्याला की उजव्या? त्याच्या स्वतःच्या डाव्या?" हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर स्केचच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

गेलेल्या प्राण्याचे दोनच अंधूक फोटो असतील तर खोटं आश्वासन देऊ नका. त्याच जातीच्या, त्याच वयाच्या प्राण्याचे फोटो फक्त रचनेपुरते घ्या. डोळे, डाग आणि कानांची ठेवण मात्र त्या दोन फोटोंतूनच. चित्राचा आकारही लहान सुचवा. फोटोत नसलेलं मोठ्या कॅनव्हासवर कल्पनेने भरावं लागतं, आणि ते परकं दिसतं.

फोटो फोटोग्राफरकडून काढून घेतलेला असेल तर त्याची परवानगी लागते. चित्र हुबेहूब त्याच फोटोवरून निघणार असेल तर नक्कीच.

पलटण निवडणं: खरी मजा इथे

नवखे चित्रकार आधी गणवेश आवडून बसतात आणि मग त्यात प्राणी कोंबतात. उलट करा. आधी प्राण्याच्या अंगाचा रंग बघा.

लाल-भुऱ्या बोक्याला ब्रिटिश लाल कोट चढवला की चेहरा कोटात विरघळतो. काळ्या लॅब्राडॉरला ब्रिटिश ९५ व्या रायफल पलटणीचा गर्द हिरवा कोट आणि काळी कॉलर दिलीत, तर चित्रात फक्त दोन डोळे उरतील. त्याला मात्र तो लाल कोट अप्रतिम दिसतो. पांढऱ्या पॉमेरेनियनला ऑस्ट्रियन पायदळाचा पांढरा कोट देऊ नये. करड्या पर्शियन मांजरीला किरमिजी छटा खुलतात. आणि आपला गावठी, बदामी रंगाचा कुत्रा हिरव्यात आणि आकाशीत राजबिंडा दिसतो.

नेपोलियनच्या काळातले फ्रेंच हुसार सुरुवातीला निवडायला मी सांगते, कारण तिथे रंगांची चैन आहे. हुसार म्हणजे मुळात हंगेरीच्या धर्तीवरचं हलकं घोडदळ. कमरेपर्यंतचा घट्ट कोट तो डोल्मन, त्याच्या छातीवर आडव्या गोफांच्या रांगा आणि बटणं. फरची किनार लावलेला दुसरा कोट म्हणजे पेलीस. तो बहुधा अंगात न घालता डाव्या खांद्यावरून लटकता ठेवायचा. कमरेला गोल मण्यांसारख्या गाठी असलेला पट्टा, तलवारीच्या पट्ट्याला लोंबणारी चपटी पिशवी म्हणजे साबरटाश. प्रत्येक रेजिमेंटचे रंग वेगळे: दुसऱ्या हुसारांचं डोल्मन तपकिरी आणि विजार आकाशी, पाचव्यांचं डोल्मन आकाशी आणि पेलीस पांढरं, सातव्यांचं डोल्मन हिरवं आणि विजार लालभडक. साध्या स्वारांचे गोफ सुती-लोकरी, पांढरे किंवा पिवळे. अधिकाऱ्यांचे त्याच जागी चंदेरी किंवा सोनेरी. म्हणजे रेजिमेंटचे गोफ पिवळे असतील तर अधिकाऱ्याला सोनेरी, पांढरे असतील तर चंदेरी. हे एवढं सांभाळलं तरी जाणकार माणूस तुमच्या चित्रासमोर थांबतो.

आता माझा लाडका योगायोग. अठराव्या शतकाच्या शेवटी हुसार कानशिलांवर केसांच्या बारीक वेण्या लोंबत्या ठेवत. कॉकर स्पॅनियलचे लांब कुरळे कान त्या जागी इतके बेमालूम बसतात की त्या कुत्र्याला दुसरं काही घालायला मन धजत नाही. हुसाराला शोभणाऱ्या मिशांचा प्रश्न तर कुठल्याच मांजरीला नसतो.

मादी प्राण्यांसाठी "तिला मुलीसारखं दिसू दे" अशी मागणी येते. त्यावर ऐतिहासिक उत्तर आहे. फ्रेंच पलटणींसोबत कँटिनिएर असत, सैनिकांना दारू-खाणं विकणाऱ्या बायका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांचा वेश पलटणीच्या गणवेशाबरहुकूम असे: आखूड कोट, विजारीवर गुडघ्यापर्यंतचा घागरा, आणि खांद्यावरून लटकणारं ब्रँडीचं छोटं पिंप. सेंट बर्नार्ड कुत्रीसाठी याहून चांगलं काय असणार!

संदर्भ कुठून घ्यायचे? न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा विंकहाउझेन संग्रह हा गणवेशांच्या छापील चित्रांचा प्रचंड साठा आहे, डिजिटल रूपात पाहता येतो. ब्राउन विद्यापीठाचा अ‍ॅन एस. के. ब्राउन लष्करी संग्रहही तसाच. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम हक्कमुक्त कलाकृतींचे मोठे फोटो मोफत देतात. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमच्या संकेतस्थळावर खऱ्या कोटांचे फोटो आहेत, त्यात शिवण दिसते. चित्रांपैकी फ्रेंच चित्रकार जेरिकोचा १८१२ चा घोडेस्वार, जो लूव्हरमध्ये आहे, जरूर बघा: नेपोलियनच्या गार्डमधल्या शासर या हलक्या घोडदळाचा अधिकारी, हुसारांच्याच धर्तीचा वेश, घोड्याच्या पाठीवर बिबट्याचं कातडं. कापड किती सैलपणे रंगवलंय आणि तरी कसं कडक दिसतं ते त्यातून कळतं. अर्धाकृती रचनेसाठी सेंट पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमधली मिलिटरी गॅलरी पाहा. जॉर्ज डॉ या इंग्रज चित्रकाराने सहायकांच्या मदतीने १८१२ च्या युद्धातल्या रशियन सेनापतींची तीनशेहून अधिक व्यक्तिचित्रं केली. सगळी जवळपास एकाच मापाची, त्यामुळे खांदा किती वळवला, उजेड कुठून घेतला, पार्श्वभूमीत धूर किती, याची तुलना करत शिकता येतं.

नाटकाच्या कपडेपटाचे फोटो आणि एआयने बनवलेल्या प्रतिमा संदर्भ म्हणून टाळा. एआयच्या चित्रात गोफ बटणापर्यंत जाऊन मध्येच गायब होतो, पट्टा खांद्यावरून निघून कुठेच पोचत नाही. लांबून झकास, जवळून गोंधळ.

कोणाला नाही म्हणायचं

महाराष्ट्रात हे काम करायचं तर ही बाब पहिल्याच दिवशी ठरवून टाका. छत्रपती शिवाजी महाराजांच्या किंवा संभाजी महाराजांच्या वेशात प्राणी रंगवायचा नाही. कितीही पैसे, कितीही "आमच्या घरातच लावणार" असं सांगितलं तरी नाही. मावळ्याच्या वेशाचीही मागणी येते. मी ती घेत नाही, कारण तो वेश बघताना आपल्याकडे कुणाला हसू यावं अशी माझी इच्छा नाही. घोड्याचं चित्र मात्र मराठा साजात आनंदाने करते. घोडा तिथे सोंग घेत नाही, तो त्याचंच काम करतोय. खोगीर, रिकीब, दुमची म्हणजे शेपटीखालचा पट्टा, गळ्यातली माळ, पाठीवरची झूल, सगळं रंगवायला मिळतं. त्यासाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथे वही घेऊन जा. हत्यारं आणि चिलखतं समोर बघितली की धातू कुठे झिजतो, कडी कशी अडकते ते हाताला आठवतं.

आजच्या भारतीय सैन्याचा गणवेशही नको. मेजरच्या खांद्यावर सिंहमुद्रा असते, आणि राजमुद्रेच्या गैरवापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. परमवीरचक्रासारखी पदकं कुत्र्याच्या छातीवर लावू नयेत, एवढं सांगायचीही गरज पडू नये. नाझी गणवेशाची मागणी कधीतरी 'गंमत म्हणून' येते. एका ओळीत नकार द्या, वाद घालू नका.

मालकाला पदक हवंच असेल तर प्राण्यांचं स्वतःचं पदक आहे: ब्रिटनमधलं डिकिन मेडल, १९४३ पासूनचं. ते मिळालेलं एकमेव मांजर म्हणजे 'अ‍ॅमेथिस्ट' या युद्धनौकेवरचा सायमन, १९४९. तेही खरं शौर्यपदक असल्याने मी ते जसंच्या तसं रंगवत नाही. त्याच्या फितीवरून कल्पना घेऊन मालकासाठी एक बनावट पदक रचते, ज्यावर माशाचा काटा किंवा चघळलेली चप्पल असते. सगळं चित्र काटेकोर असताना तेवढी एक खोडी चालते, आणि लोक ती शोधून काढतात.

शरीर कोणाचं?

दोन मार्ग आहेत. एक, माणसाचं धड आणि प्राण्याचं डोकं. दुसरा, प्राण्याचंच शरीर आणि त्यावर कोट. पहिला सोपा आणि गिऱ्हाइकांना आवडणारा. दुसरा अवघड, पण साधला तर फार सुंदर. कुठला घेताय ते पहिल्या स्केचआधी ठरवा, कारण मध्यावर मत बदललं तर खांदे कुठेच बसत नाहीत.

खांदे हीच मेख आहे. कुत्र्याला गळपट्टीचं हाड नावालाच असतं, मांजराला छोटंसं, सुटं. छाती अरुंद आणि खोल, खांदे उतरते. इपॉलेट म्हणजे खांद्यावरची ती झालरदार सोनेरी पट्टी. ती ठेवायला सपाट जागाच नाही. माणसाचं धड घेतलंत तर मान जाड आणि थोडी पुढे झुकलेली ठेवा, डोकं धडाच्या मानाने जरा मोठं घ्या. अगदी प्रमाणशीर डोकं ठेवलं तर प्राणी मुखवटा घातलेल्या माणसासारखा दिसतो. प्राण्याचं शरीर घेतलंत तर इपॉलेट उताराबरोबर खाली वळू द्या, झालर दंडावर सैल पडू द्या. कोट त्या शरीरासाठीच शिवलाय असं वाटलं पाहिजे.

कॉलर दुसरी अडचण. १८०० च्या सुमाराच्या उभ्या कॉलरी कानाच्या पाळीपर्यंत चढत. बोक्याला ती घातली की हनुवटी गायब. कॉलर अर्धी बुडू द्या, वरून गळ्याची लव बाहेर सांडू द्या; कापडाच्या कडेवर केसांचे चार-सहा झुबके आले की कॉलर मागे आणि प्राणी पुढे येतो. वर पेलीसची फर प्राण्याच्या केसांपेक्षा वेगळ्या दिशेने आणि वेगळ्या लांबीने रंगवायची, नाहीतर कोणी कोणाला घातलंय ते कळत नाही.

टोपीवरून मालकाशी सर्वाधिक चर्चा होते. शाको ही उंच नळकांडी टोपी ताठ कानांच्या कुत्र्याला घातली तर कान जातात, आणि कान गेले की अर्धा चेहरा जातो. जुन्या अधिकाऱ्यांच्या व्यक्तिचित्रांतला उपाय उचला: टोपी काखेत किंवा पंजाखाली. तीन गोष्टी एकदम साधतात. कान मोकळे, टोपी दिसते, आणि पंजाला काहीतरी काम मिळतं. लोंबत्या कानांच्या बीगलला मात्र टोपी डोक्यावरच छान दिसते.

डावं-उजवं तपासा. तलवार आणि साबरटाश डावीकडे. पेलीस डाव्या खांद्यावर. नेपोलियनकालीन ब्रिटिश लाइन पायदळात कनिष्ठ अधिकाऱ्याचं इपॉलेट एकटं, उजव्या खांद्यावर. स्केच आरशात बघायची सवय असेल तर या गोष्टी नंतर पुन्हा एकदा सरळ बघा.

पैसे आणि होकार

अर्धी रक्कम आगाऊ, स्केच त्यानंतर. पेन्सिलचं स्केच आणि एक लहान रंगीत नमुना पाठवा. बदल सांगायचे तर याच टप्प्यावर, दोन फेऱ्या मोफत, पुढे प्रत्येक फेरीचे पैसे. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी. रंग सुरू झाल्यावर "एक पदक वाढवता येईल का" असं येतंच. स्पॅनिश चित्रकार गोयाने ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचं चित्र १८१२ मध्ये सुरू केलं आणि वेलिंग्टनला नवनवे मान मिळत गेले तशी त्याच्या छातीवरची पदकं त्याला बदलावी लागली. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते चित्र आहे. गोयाला चुकलं नाही ते तुम्हाला काय चुकणार, फक्त तुम्ही त्याचे वेगळे पैसे घ्या.

दर ठरवताना आकारावर जाऊ नका, गोफांवर जा. त्याच मापाच्या चित्रात साधा रायफलवाला दोन बैठकींत होतो आणि हुसार अधिकारी आठवडा खातो. ऑनलाइन मिळणाऱ्या, तयार चित्रावर फोटोतला चेहरा चिकटवून छापलेल्या पोस्टरशी तुमच्या दराची तुलना होईल. होऊ द्या. ज्याला ते पुरतं त्याला ते घेऊ द्यावं.

रंगवताना

ए-थ्री आकारापर्यंत गवाश म्हणजे अपारदर्शक जलरंग, ३०० जीएसएमचा गुळगुळीत कागद. त्याहून मोठं असेल तर कॅनव्हासवर तैलरंग. शाळेतले पोस्टर कलर ऑर्डरीच्या कामाला वापरू नका, ते उडतात. ट्यूबवर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. साधं अ‍ॅलिझरिन क्रिमसन प्रकाशात फिकं पडतं, म्हणून 'परमनंट' लिहिलेलं घ्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तैलरंग वाळता वाळत नाहीत. जून ते सप्टेंबर तारखा सैल द्या.

क्रम असा: आधी पूर्ण चित्रात उजेड-सावलीचे मोठे आकार, पातळ रंगात. मग चेहरा. चेहरा जवळजवळ पुरा होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. चेहरा जमला नाही तर चित्र जमत नाही, आणि बटणं रंगवण्यात चार दिवस घालवल्यावर ते कबूल करणं जड जातं.

डोळ्यांत एकच चमक, ज्या बाजूने उजेड आहे त्या बाजूला. मांजराची बाहुली भर उन्हात रेघ होते. खोलीतल्या मऊ उजेडाचं पोर्ट्रेट असेल तर ती लंबगोल, मोठी ठेवा, चेहरा लगेच सौम्य होतो. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती विसरलात तर डोळे काचेचे दिसतात. केसांची दिशा नाकापासून सुरू होते, कपाळावर वर जाते, गालांवर मागे वळते. प्रत्येक केस रंगवू नका. आधी समूह, मग कडेला आणि उजेड-सावलीच्या सीमेवर थोडे सुटे फटकारे. काळ्या कुत्र्यासाठी ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून येणारा काळा जिवंत असतो, आणि वरून पडणाऱ्या उजेडात काळी लव निळसर झळाळते. मिशा सगळ्यात शेवटी, लांब केसांच्या रिगर ब्रशने, मुळाकडून टोकाकडे एका दमात.

गोफ रंगवण्याआधी छातीचा मध्य आखा आणि तिला गोल समजून आडव्या वळणदार रेषा काढा. सरळ पट्टीने काढलेले गोफ छातीवर छापल्यासारखे दिसतात. सोनेरी मेटॅलिक रंग वापरू नका. फोटोत आणि स्कॅनमध्ये तो मळकट तपकिरी येतो, आणि समोरून बघणाऱ्याला प्रत्येक कोनातून वेगळा दिसतो. यलो ऑकरचा पट्टा, त्याखाली बर्न्ट अंबरची सावली, वर नेपल्स यलोचे आडवे बारीक ठिपके, आणि अगदी थोड्या जागी पांढरा. सगळ्या गोफांना सारखीच चकाकी द्यायची नाही. उजेडाच्या बाजूचे पाच-सहा नीट, बाकीचे सावलीत सैल सोडा. चंदेरीला निळसर राखाडी आणि पांढरा, त्यात कोटाच्या रंगाचं किंचित प्रतिबिंब. ब्रिटिश लाल कोट अधिकाऱ्याचा असेल तर भडक, शिपायाचा असेल तर विटकरी: अधिकाऱ्यांचं कापड महाग किरमिजाने रंगवलेलं असे, शिपायांचं मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी. हा फरक रंगात दाखवला की हुद्दा न सांगता कळतो.

पार्श्वभूमी तपकिरी-करडी, डोक्यामागे थोडी उजळ. तोफा, जळती गावं, मेलेले घोडे वगैरे नको.

देताना

कॅनव्हासवर तैलरंग असेल तर अंतिम व्हार्निश सहा महिन्यांनी. तोवर मालकाला तसंच लावू द्या आणि व्हार्निशसाठी परत आणायला सांगा. गवाश फ्रेम करून पाठवायचं तर माउंट लावा म्हणजे रंग काचेला चिकटत नाही, आणि कुरियरने जाणार असेल तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक शीट. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर.

राहिला हक्काचा मुद्दा, जो बहुतेक नवख्यांना उलटा माहीत असतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन पोर्ट्रेट करवून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो करवून घेणारा असतो. म्हणजे त्याच चित्राचे मग, टी-शर्ट किंवा प्रिंट विकायचे, तर आधीच लेखी ठरवून घ्यावं लागतं. चित्रकार म्हणून तुमचं नाव लागण्याचा हक्क कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो. होकाराच्या त्याच संदेशात दोन ओळी घाला: प्रिंट विकण्याचा आणि स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील. कुणी नकार दिला तर दर थोडा वाढवा. आणि चित्र पॅक करण्याआधी दिवसाच्या उजेडात, सावलीत ठेवून, मोठा फोटो काढून घ्या.